लिनक्सची अनेक रूपे : बळ की उणीव?

पालघर तालुक्यात बोईसरजवळ समुद्रकिनारी असलेल्या तारापूर अणुविद्युत केंद्रात दोन भिन्न प्रकारच्या अणुभट्ट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या व समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. २००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या पुढील दोन भारतीय आराखड्याच्या व नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. एका जोडीचे इंधन दुसरीला चालत नाही. व्यवस्थेच्या दृष्टीने ही गैरसोयच होय. तथापि पहिल्या जोडीचे इंधन १९६३ च्या करारान्वये एकट्या अमेरिकेकडून यावयाचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा रखडू लागला व अखेर थांबला. १९८२ साली फ्रान्सकडून इंधन मिळविण्याची व्यवस्था करावी लागली. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची किंमत या किनाऱ्याने अशी जवळून पाहिली आहे.

शाळा, पंचायती व कार्यालये यांच्या संगणकांबाबत हाच प्रश्न लिनक्सच्या निमित्ताने उभा राहतो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. या गाभ्याभोवती निरनिराळ्या आज्ञावली गुंफून जो संच तयार होतो, त्यास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन १९९३ चे, उबुंटू २००४ चे. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ हे वितरण २००७ साली उपलब्ध करून दिले. त्यात मराठीचीही सोय आहे. आज अशी वितरणे शेकड्यांनी मोजावी लागतात.

इतकी रूपे कशासाठी, अशी शंका साहजिक आहे. डेबियनच्या कुळातील आज्ञावलीचा संच रेड हॅटच्या कुळात जसाच्या तसा बसत नाही. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक सर्वत्र तोच. परंतु तो सुरू करण्याची जागा मात्र वेगवेगळी. एका शाळेत बॉस, दुसरीत उबुंटू आणि तिसरीत देणगीदाराने बसवून दिलेले फेडोरा असले, तर तलासरीहून पालघरला बदलून आलेल्या शिक्षकाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. शहरातील तज्ज्ञाला ही विविधता आवडते. तिचा भार पडतो तो आडगावच्या एकट्या शिक्षकावर. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र ही रूपे वाटतात तितकी परकी नाहीत. ग्नोम या पटलव्यवस्थेचे मराठी भाषांतर एकदा झाले की ते ती वापरणाऱ्या सर्व वितरणांत पोचते. शिवाय एखादे वितरण बंद पडले तरी काम खोळंबत नाही. सर्व्हरसाठी जगभर वापरले जाणारे सेंटओएस ८ हे वितरण २०२१ अखेर थांबविण्यात येईल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. मूळ आज्ञावली खुली असल्याने २०२१ च्या मार्चमध्ये अल्मालिनक्स व जूनमध्ये रॉकी लिनक्स ही तिची जागा घेणारी वितरणे सिद्ध झाली. तारापूरच्या इंधनाला अशी पर्यायी वाट शोधण्यास वर्षे लागली होती.

तेव्हा अनेकत्व हे बळच होय. पण ते निवड करणाऱ्याच्या उपयोगाचे, रोज वापरणाऱ्याच्या नव्हे. केरळने हे ओळखले. तेथे शाळांसाठी एकच वितरण ठरवून शिक्षकांना त्याचेच प्रशिक्षण देण्यात आले. पुढे त्याचा पाया डेबियनऐवजी उबुंटूचा करण्यात आला. तो बदलही शिक्षण यंत्रणेनेच केला, प्रत्येक शाळेला स्वतंत्रपणे करावा लागला नाही.

पालघरसारख्या जिल्ह्यात निदान तालुक्यापुरते तरी एक वितरण ठरविणे अवघड नाही. खरेदीच्या ठरावात ‘लिनक्स’ एवढाच मोघम शब्द न घालता वितरणाचे नाव, आवृत्ती आणि सुरक्षा-सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हे लिहावे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला, उदाहरणार्थ, त्या पाच वर्षे विनामूल्य मिळतात. पुढील आवृत्तीच्या प्रशिक्षणाची तजवीज त्या मुदतीच्या आतच करावी लागते.