ओझरचं विमान, सोलापूरचं टेबल

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. बुरूज वीतभर उंच, आणि बाजारातून आणलेला मावळा त्या बुरुजाच्या खांद्याला लागतो. मग हा मावळा दरवाज्यातून आत शिरणार कसा? मला हा प्रश्न आठव्या वर्षी पडला. वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात जकार्डची डिझाइनं काढत. त्यांनी चौकटीचा आलेख कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "इथं एक घर म्हणजे एक धागा. मोराची मान किती घरांची हे आधी ठरतं, मोर नंतर येतो. तू आधी मावळा मोज, मग माती कालव." त्या वर्षीचा आमचा किल्ला पेठेतला सगळ्यांत मोठा झाला, कारण मावळ्याच्या मापानं दरवाजाच हातभर उंच करावा लागला.

पुढे तीस-पस्तीस वर्षं मी लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करतोय, त्या याच एका वाक्यावर. आधी माप.

या छंदातली मापं ठरलेली आहेत. सर्वांत रुळलेलं माप एकास ७२. सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो, एवढा सोपा त्याचा हिशेब आहे. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीनं 'पेंग्विन' नावाचे सुट्या भागांचे संच या मापात काढले आणि ते रूढ झालं. दुसऱ्या महायुद्धात त्याला सरकारी कामही मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी १९४२ साली अमेरिकी नौदलानं शाळाशाळांतल्या मुलांकडून याच मापाची लाकडी विमानं करून घेतली. पाच लाखांचं उद्दिष्ट होतं. दुसरं माप एकास ४८, म्हणजे एका फुटाला पाव इंच. माझं प्रेम याच्यावर आहे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरांच्या आतबाहेर; तो ७२ च्या मापात दहा सेंटिमीटर होतो, ४८ च्या मापात पंधरा. पंधरा सेंटिमीटरांत वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टेसुद्धा दाखवता येतात.

मिग-२१ च का, असं लोक विचारतात. कारण ते आपल्या महाराष्ट्रात घडलं. सोव्हिएत रशियाकडून आलेली पहिली मिग १९६३ साली चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. आवाजापेक्षा वेगानं जाणारं हवाई दलाचं हे पहिलं विमान. ते इथंच बांधायचं ठरलं तेव्हा काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. ओझरचा 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स'चा कारखाना १९६४ साली त्यासाठीच उभा राहिला. द्राक्षाच्या मळ्यांलगतच्या त्या धावपट्टीवरून एफएल, मग एम, मग बिस अशा मिगच्या पिढ्या उडाल्या. हवाई दलानं आठशेहून अधिक मिग-२१ वापरली. त्यातली बहुतेक भारतात बांधलेली. लहानपणी नाशिकला मामाकडे गेलो की मुंबई-आग्रा रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून मी आभाळात बघत बसे. आधी विमान दिसे, आवाज मागून येई.

आता टेबलावर या. 'मिग-२१ बनवतो' हे वाक्य अर्धवट आहे. कुठलं मिग, कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या वर्षीचं, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. हवाई दलात 'टाइप ७७' म्हणून ओळखलं जाणारं एफएल आणि 'टाइप ७५' म्हणजे बिस ही दोन भावंडं लांबून सारखी दिसतात. जवळ गेलं की फरक कळतो. एफएलच्या काचेचं छत पुढच्या बाजूला उचललं जातं, कारण जीव वाचवण्यासाठी खुर्चीसकट बाहेर पडायची वेळ आली तर ते छतच वाऱ्यापासून वैमानिकाची ढाल व्हावं, अशी रचना होती. बिसचं छत उजवीकडे कलतं. एफएलची पाठ सडपातळ, बिसची इंधनाच्या टाकीनं फुगलेली. हवेचा वेग मोजणारा नाकावरचा लांब दांडा एफएलवर बरोबर मध्यभागी आहे, नंतरच्या प्रकारांत तो उजवीकडे सरकला. एफएलच्या पंखांखाली शस्त्रं टांगायच्या दोन जागा, बिसला चार. नवशिक्याची पहिली चूक इथंच होते. उत्तम रंगवलेलं एफएल, आणि छत बाजूला उघडलेलं! जाणत्याची नजर थेट तिथं जाते.

चेक प्रजासत्ताकातल्या 'एडुआर्ड' कंपनीनं २०११ पासून ४८ च्या मापात मिग-२१ ची मालिका काढली. आज या विमानाचं त्याहून चांगलं प्लास्टिक मला माहीत नाही. पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर रसायनानं कोरलेले पट्टे, कळा, पायऱ्या सोबत येतात. तरी संच विकत घेतला म्हणजे काम झालं, असं नाही. एफएल हे पीएफ या प्रकाराच्या अंगावर पुढच्या प्रकारांचं रुंद शेपूट लावलेलं विमान आहे. संचातलं काय ठेवायचं, काय कापायचं, हे छायाचित्रं समोर ठेवूनच ठरतं.

काम सुरू होतं आतून. आधी कॉकपिट. बिसच्या कॉकपिटमध्ये तो खास हिरवट निळा रंग असतो, मोराच्या मानेसारखा. पण तो प्रत्येक मिगला सरसकट मारता येत नाही. घड्याळांच्या तबकड्यांवर दाभणाच्या टोकानं पारदर्शक वॉर्निशचा एकेक थेंब ठेवला की काच बसवल्यासारखी चकाकते. मग वजन. मिगची मागची चाकं अशी आहेत की प्रतिकृती शेपटीवर बसते. नाकात काही जड भरावंच लागतं. सुदैवानं पुढच्या शंकूत जागा आहे. मी त्यात छर्रे भरतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या बंदुकीचे असतात तेच. एका फुगेवाल्यानं मूठभर दिले होते, अजून संपलेले नाहीत.

प्लास्टिक चिकटवायचं द्रावण म्हणजे डिंक नव्हे. ते प्लास्टिक विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून कुंचल्यानं सांध्यावर नुसता स्पर्श करायचा, द्रावण स्वतःच फटीत धावतं. चोवीस तास हात लावायचा नाही. मग घासकाम. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या सामानात मिळणारा वॉटर पेपर ४०० पासून २००० नंबरापर्यंत, पाण्यात भिजवून. शेवटचा हात बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळणाऱ्या नखं चमकवायच्या बफरनं. सांधा बोटाला लागला नाही तरी रंगाला लागतो, विशेषतः चांदीच्या रंगाला. तो काही लपवत नाही.

एक वाद या छंदात कायमचा आहे. विमानाच्या पत्र्यांच्या जोडरेषा प्रतिकृतीवर कोरलेल्या असतात. ०.२ मिलिमीटरची रेष ४८ नं गुणली तर जवळजवळ एक सेंटिमीटर होते. खऱ्या विमानावर एवढी फट असती तर ते उडालंच नसतं. मग या रेषा काळ्या रंगानं भरून उठवायच्या की पुसट ठेवायच्या? स्पर्धांमध्ये उठावदार रेषांना टाळ्या पडतात. माझं मत उलट आहे. हातभर अंतरावरून बघताना जेवढं दिसायला हवं, तेवढंच दाखवावं. 'कॅमल'च्या तैलरंगातला बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेषेत सोडला आणि कापडानं पुसला की पुरे. रंगांचंही तसंच. मूळ विमानाच्या डब्यातलाच रंग प्रतिकृतीवर मारला तरी तो गडद दिसतो. लांबचा डोंगर जसा फिकट, निळसर होतो, तसं लहान वस्तूचं आहे. तिच्याकडे बघणं म्हणजे मोठी वस्तू लांबून बघणं. म्हणून मी प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळतो, आणि काळा रंग शुद्ध काळा कधीच वापरत नाही.

सोलापूरच्या हवेचं सांगितलं पाहिजे. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, हवा कोरडी ठाक. अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो आणि विमानावर वाळूसारखे कण बसतात. वाळण्याचा वेग कमी करणारं द्रव्य मिसळून, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवून, पहाटे पाचला रंगकाम उरकावं लागतं. दुसरी अडचण यंत्रमागांची. गल्लीत माग चालू असले की सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि ओल्या रंगावर बसतात. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टीला माग बंद असतात. माझा चांदीचा हात त्याच दिवशी.

चांदीचा हात म्हणजे उघड्या धातूचा रंग. सुरुवातीची मिग बिनरंगी, नुसत्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती. खाली चकचकीत काळा, तो काचेसारखा झाला की वर अॅल्युमिनियमचे अतिशय पातळ थर. प्रत्येक पत्रा थोडा वेगळ्या छटेचा. शेपटीकडे इंजिनाच्या उष्णतेनं तांबूस, निळसर झालेला, तापलेल्या तव्याच्या काठासारखा.

१९७१ चं युद्ध आलं आणि हे चमकणारे पत्रे धोक्याचे ठरले. तळांवर विमानं हिरव्या-मातकट रंगांनी रंगवली गेली. बऱ्याच ठिकाणी हातानं, हाताशी असलेल्या रंगांनी. त्यामुळे एकाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. तुमच्याकडे त्याच क्रमांकाच्या विमानाचं छायाचित्र नसेल तर पट्टे कल्पनेनं काढू नयेत, असं मी स्वतःला बजावतो. अजून एक खूण पोटाखाली असते. एफएलच्या अंगात तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांवर भिस्त होती. तोफेची गरज पटली तेव्हा २३ मिलिमीटरच्या जोडनळीच्या तोफेची जीपी-९ ही पेटी पोटाखाली टांगली गेली. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते या तोफेनं. त्यामुळे ही बोटाच्या पेराएवढी पेटी मी दोन संध्याकाळी घासत बसतो.

दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, गुवाहाटीहून उडालेल्या २८ व्या स्क्वाड्रनच्या चार मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली. नेतृत्व विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांचं. ऐनवेळी लक्ष्य बदललं आणि हाताशी होता तो पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा. प्रत्येक विमानावर ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांच्या दोन नळकांड्या, एकेकीत १६. चार विमानांची मिळून १२८. त्याच दिवशी तिथल्या राज्यपालांनी राजीनामा दिला. या विमानाची प्रतिकृती करताना नळकांड्याच्या तोंडाची १६ भोकं मी बारीक ड्रिलनं एकेक करून कोरली आहेत. एका नळकांड्याला एक रात्र लागली.

मिगची दुसरी बाजूही मला टाळायची नाही. अपघातांमुळे या विमानाला जी नावं पडली ती मी लिहिणार नाही, पण माणसं गेली हे खरं आहे. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. मुलावर आलेला चुकीचा ठपका पुसण्यासाठी त्यांचे आईवडील अनेक वर्षं लढले, आणि पुढे त्यांनी मुलाच्या नावानं पुण्यात मुलांना विमानविद्या शिकवणारी 'जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट' काढली. शेपटीवरचा क्रमांक चिकटवताना माझा हात थांबतो तो अशा वेळी. तो आकडा कुणाच्या तरी घरात पाठ असतो. तो चुकता कामा नये.

विमान पुरं झालं की ते जुनं करायचं असतं. चाकांच्या तबकड्या हिरव्या रंगवून त्यांवर धूळ, तोफेमागे काजळी, तंत्रज्ञांच्या बुटांनी पंखाच्या मुळाशी झिजलेला रंग. इथं हात आवरता आला पाहिजे. हवाई दलाची विमानं रोज पुसली जातात. ती भंगारातली दाखवणं हा त्या तंत्रज्ञांवर अन्याय आहे. ज्याला खरी झीज बघायची आहे त्यानं पुण्याच्या घोरपडीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात उभं असलेलं मिग-२३ बघून यावं. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या खाली वाकून मनसोक्त बघता येतात.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. शेवटची उडाली ती २३ व्या स्क्वाड्रनची 'बायसन', म्हणजे सुधारलेली बिस. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं ओझरच्याच धावपट्टीवरून उड्डाण केलं.

ओझरला जुळाऱ्याचं, रिव्हेटचं, रंगाचं काम केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांतली कितीतरी मराठी घरांतली आहेत, आणि त्यांच्या कपाटांत विमानापुढे उभं राहून काढलेले जुने फोटो आहेत. या दिवाळीच्या साफसफाईत असा एखादा फोटो हाती लागला तर तो फेकू नका. आजोबांना विचारा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं वर्ष, जागा आणि विमानाचा क्रमांक लिहून ठेवा.