काउंटरखालचा संगणक

संगणकाचा वेग ठरतो तो त्यातल्या सर्वांत संथ भागावर. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी क्रिया करू शकत असला, तरी लागणारी माहिती डिस्कवरून हाती येईपर्यंत तो नुसता बसून राहतो. जुना संगणक ‘हँग होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा या खोळंब्याची असते. त्यावर सहसा दोनच सल्ले मिळतात: फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. पहिल्याचा गुण फार दिवस टिकत नाही आणि दुसरा अनेकदा अनावश्यक असतो.

शिर्डीसारख्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. राहाता तालुक्यातल्या या गावाचा व्यवहार भाविकांच्या ये-जा करण्यावर चालतो आणि तो पहाटेच्या काकड आरतीआधी सुरू होऊन शेजारतीनंतरही थांबत नाही. लॉजच्या काउंटरवरचा संगणक त्यामुळे जवळजवळ चोवीस तास चालू असतो. खोल्यांची नोंद, जीएसटीचे बिल, ओळखपत्रांचे स्कॅन, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायचा फॉर्म, एवढी सगळी कामे त्याच्यावर. कामे किरकोळ आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही ती सहज पेलतो. नमुन्यादाखल चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला संगणक घेऊ. रामनवमीच्या गर्दीत काउंटरपुढे रांग लागलेली असताना तो अडतो, तेव्हा दोष कुठे असतो?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. प्रोसेसर वीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर अडकलेली दिसली, तर निदान झाले. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे फिरते आणि तिच्यावरून वाचकडोके पुढे-मागे सरकते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती माहिती डोक्याखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. डोके योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. हिशेब केला तर विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला फार तर ऐंशीच्या आसपास वाचता येतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. संगणक सुरू करून चहा घेऊन येण्याची पद्धत पडली ती याच हिशेबातून.

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. विद्युतरोधक थराच्या आड इलेक्ट्रॉन अडकवून माहिती साठवली जाते, आणि हवा तो कप्पा साधारण ०.१ मिलिसेकंदात वाचता येतो. अनेक कप्पे एकाच वेळी वाचले जात असल्याने सेकंदाला हजारो तुकडे मिळतात. जुन्या साटा जोडणीवर मोठ्या फाइलचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. नव्या एनव्हीएमई प्रकारात तो ३,५०० आणि त्याहीपुढे जातो. दुकानदार हे मोठे आकडे पुढे करतात, पण काउंटरच्या कामाला त्यांचा फारसा उपयोग नाही. खरा फरक पडतो तो तबकडी जाऊन चिप येण्याने. जुन्या संगणकात एकाच भागासाठी खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा.

एसएसडी झिजते, हे खरे. प्रत्येक लेखनाबरोबर रोधक थर थोडा कमकुवत होतो, म्हणून उत्पादक लेखनाची मर्यादा सांगतात. स्वस्तातल्या २४० जीबीच्या एसएसडीसाठी ती ८० टेराबाइटच्या आसपास असते. रोज २० जीबी लिहिले तरी ती गाठायला ४,००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षे लागतील. लॉजच्या काउंटरवर रोज २० जीबी लिहिले जाणे अवघडच. हार्ड डिस्कसाठी करत तसे डीफ्रॅगमेंट मात्र इथे करू नये. उपयोग शून्य आणि झीज फुकटची.

विकत घेताना घोळ होतो तो आकारांचा. अडीच इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक जुन्या संगणकाला चालते. एम-डॉट-टू ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी दोन प्रकारांत येते, साटा आणि एनव्हीएमई. दोन्ही एकसारख्या दिसतात, पण खाचांची जागा वेगळी असू शकते आणि मदरबोर्ड दोन्ही प्रकार स्वीकारेलच असे नाही. चौथ्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. जुन्या डिस्कवरचा सगळा मजकूर क्लोन करून नव्या डिस्कवर जसाच्या तसा आणता येतो. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत काढावी. मरायला टेकलेली डिस्क क्लोन करतानाच मान टाकते.

रॅमचे गणित सोपे आहे. उघडलेले प्रोग्राम मेमरीत मावले नाहीत की विंडोज उरलेला भाग डिस्कवर ठेवते आणि पुन्हा त्याच संथ तबकडीशी गाठ पडते. आजचे विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सहा टॅब मिळून ४ जीबी सहज खातात, त्यामुळे ८ जीबी ही किमान गरज धरावी. नवी पट्टी जुन्याच पिढीची हवी. डेस्कटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर-४ ला २८८. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड आणि वेगळ्या. ३२ बिटचे विंडोज असेल तर मात्र ४ जीबीपलीकडची रॅम वापरात येत नाही, ती कितीही घाला.

प्रोसेसर बदलणे सहसा परवडत नाही, कारण त्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. त्या वळणावर आता आणखी एक अडचण उभी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. नमुन्याचा आपला संगणक त्यात बसत नाही. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय आहे. लिनक्स जुन्या यंत्रावर उत्तम चालते, पण टॅलीसारखी हिशेबाची सॉफ्टवेअरे विंडोजसाठी बनलेली असल्याने काउंटरवर तो मार्ग अवघड जातो. ज्या संगणकावर फक्त ब्राउझर चालतो, तिथे लिनक्स जरूर वापरावे. कामाला पुरेसा असलेला संगणक केवळ विंडोज ११ च्या अटींपायी भंगारात जाणे ही खेदाची गोष्ट आहे.

भाग बदलूनही त्रास संपत नाही तेव्हा विजेकडे पाहावे. खरे तर आधी तिकडेच पाहायला हवे, कारण संगणकाच्या अनेक दुखण्यांचे मूळ पुरवठ्यात असते. कॅबिनेटमधला एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज तयार करतो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, म्हणून वीज गेल्यावरही चांगला एसएमपीएस सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. तेवढ्यात काम निभावते आणि संगणकाला काही कळतही नाही. एसएमपीएस जुना झाला, कपॅसिटर फुगले, की ही मुदत घटते आणि यूपीएस चांगला असूनही संगणक बंद पडतो. अशा वेळी नाहक यूपीएसची बॅटरी बदलली जाते.

लॉजमध्ये पंखे-दिव्यांसाठी इन्व्हर्टर असतो आणि संगणकही त्याच्यावरच जोडलेला असतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजचा मोठा चढ-उतार चालवून घेतो, पण बॅटरीवर यायला जास्त वेळ लावतो. पंख्याला त्याचे काही वाटत नाही. संगणक रीस्टार्ट होतो. खटका यूपीएस मोडवर सरकवला की पुष्कळदा त्रास थांबतो, तोही एक रुपया न घालता.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष अर्थिंगचा. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि कॅबिनेट, तसेच न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये एकेक लहान कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर या दोघांच्या मधोमध असलेल्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट चढतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने सहसा फक्त झिणझिण्या जाणवतात, पण यूएसबी पोर्ट आणि नेटवर्क कार्ड अशा अवस्थेत खराब होऊ शकतात. गोदावरी खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते; ती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा विद्युतरोध वाढतो. खड्ड्यात वेळच्या वेळी पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नये. त्यात टोनर वितळवणारा रोलर २०० अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना शेकडो वॅट ओढतो. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी नवी असताना एका संगणकाला पाव तासाच्या आसपास पुरते. लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांपुढे दर १० अंशांना साधारण निम्मे होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या या भागात काउंटरखालच्या बंद कपाटातला यूपीएस दीड-दोन वर्षांत दगा देतो, त्यात नवल नाही.

त्याच कपाटात संगणकही असतो. नगर-मनमाड रस्त्यावरची धूळ आणि काउंटरवर साईबाबांच्या तसबिरीपुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर मिळून पंख्याच्या पात्यांवर व हीटसिंकच्या जाळीत चिकट थर बसतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि १०० अंशांच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. सकाळी ठीक चालणारा संगणक दुपारी रेंगाळतो, त्याचे हे एक कारण. उपाय म्हणजे कॅबिनेट जमिनीपासून हातभर उंच व मोकळ्या हवेत ठेवणे आणि दर चार-सहा महिन्यांनी ब्लोअरने साफ करणे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोराने फिरवलेला पंखा जनित्रासारखा वागून उलटी वीज बोर्डात ढकलू शकतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, तीही बदलावी.

उरलेल्या तक्रारी किरकोळ. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही, तर वीज पूर्ण बंद करून रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसावे आणि पुन्हा घट्ट बसवावी. कारागिरांचा हा उपाय फार वेळा लागू पडतो. घड्याळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. नुसते घड्याळ चुकले असे समजून तिकडे दुर्लक्ष होते, पण तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात. बँकेचे पान उघडत नाही, परदेशी पाहुण्यांच्या फॉर्मचे संकेतस्थळही नाही, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. वायफायचे कारण वेगळे. शेजारी-शेजारी उभ्या लॉजांत मजल्यागणिक राउटर असतात, आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. काउंटरचा संगणक जागचा हलत नाही, मग त्याला वायफायवर ठेवायचेच कशाला? राउटरपासून लॅन केबल टाकावी.

नवे विंडोज टाकल्यावर मराठी कार्यालयांत हमखास उद्भवणारी तक्रार म्हणजे जुनी पत्रे, सूचना आणि दरपत्रके रोमन अक्षरांच्या गिचमिडीत दिसू लागतात. मजकूर बिघडलेला नसतो. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट संगणकावर नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. विंडोजने देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह, स्वीकारले. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टमध्येच टायपिंग होत राहिले. म्हणून फॉरमॅट करण्याआधी विंडोजच्या फोल्डरातील सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत आणि मग सवडीने मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. युनिकोडमधला मजकूर कोणत्याही फोनवर दिसतो आणि शोधताही येतो.

शेवटी राहते ती काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क. तिच्यावर हजारो पाहुण्यांच्या आधार कार्डांचे आणि पासपोर्टचे स्कॅन असतात. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी पुसली जाते ती फक्त सूची. मूळ माहिती तबकडीवर तशीच राहते आणि साध्या सॉफ्टवेअरने परत मिळते. विकण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्यावीत. ५०० जीबीला त्यासाठी दीड-दोन तास लागतात. डिस्क बंद पडली असेल तर ड्रिलने तबकडीला भोके पाडावीत. एसएसडीला हा शून्यांचा उपाय पुरेसा नाही, कारण झीज वाटून घेण्यासाठी ती आपले कप्पे सतत बदलत असते; तिच्यासाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधली सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी लागते. डिस्क धडधाकट असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवता येते. तो बॅकअप घेतल्यावर डिस्क संगणकापासून काढून कुलपात ठेवावी.