पानवलचा पूल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोडं

‘हे कोडं फक्त हुशारांनाच सुटेल’ असे फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. पण हुशारी म्हणजे नेमकं काय?

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटल यांनी तिचे दोन भाग सांगितले. एक, शिकून साठवलेलं ज्ञान. दुसरा, कधीच न पाहिलेल्या अडचणीतला धागा ओळखून वाट काढण्याची क्षमता.

उदाहरण आपल्या रत्नागिरीजवळच आहे. 1990च्या दशकात कोकण रेल्वेला पानवल नदीची दरी ओलांडायची होती. सर्वांत उंच खांब सुमारे 64 मीटर! खालून एवढी परांची बांधणं जिकिरीचं. मग पूल दरीच्या काठावर तुकड्या-तुकड्याने तयार केला आणि जॅकने ढकलत खांबांवरून पुढे नेला. या पद्धतीत पुढच्या टोकाला हलकं पोलादी ‘नाक’ लावतात, म्हणजे अधांतरी भागाचं वजन कमी राहतं. परदेशात हे आधी झालं होतं, भारतात नवं होतं. आपल्या दरीला ते लागू पडेल हे ओळखणं, ही ती दुसरी क्षमता. अर्थात काँक्रीट कसं वागतं हे ठाऊक नसतं, तर नुसती चलाखी दरीतच गेली असती.

आणि ती फॉरवर्ड कोडी? रोज सोडवली की मुख्यतः कोड्यांचाच सराव होतो. शंभरावं कोडं मुळात अनोळखी राहतच नाही.