दातांचे काम आणि परतीची चाचपणी

डिसेंबर महिना लागला की आपल्या समा भागातील दातांच्या दवाखान्यांत एक निराळ्या प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. तो लेस्टर, हॅरो, न्यू जर्सी किंवा टोरांटो येथून आलेला असतो, उतरलेला असतो बहिणीकडे अथवा पुतण्याकडे, आणि त्याला दोन कामे एकाच फेरीत उरकावयाची असतात. एक काम वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेल्या दातांचे. दुसरे काम तो लगेच बोलून दाखवीत नाही. पेन्शनीनंतर बडोद्यास येऊन राहता येईल की काय, हे त्याला पाहावयाचे असते. आपल्या संस्थेच्या पुष्कळ सभासदांच्या घरी असे पाहुणे येतात आणि मग दवाखाना कोणता, दलाल कोणता, किती दिवस लागतील, हे प्रश्न यजमानांच्याच गळ्यात पडतात. म्हणून या महोत्सवी अंकात या विषयाची थोडी फोड करून ठेवावी असे वाटले.

दातांसाठी सरहद्द ओलांडण्याची रीत आपल्याकडचीच आहे असे नाही. ऑस्ट्रियातील लोक शेजारच्या हंगेरीतील शोप्रोन या गावी जातात. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील लॉस अल्गोदोनेस या लहानशा गावाला अमेरिकन लोकांनी ‘दाढांचे शहर’ असेच टोपणनाव दिले आहे. तेथे पेन्शनर मंडळी सरहद्द पायी ओलांडतात, दात दाखवितात आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी परततात. आपल्या पाहुण्यांचे तसे नाही. ते हजारो मैलांवरून येतात आणि दाताबरोबर घराचाही विचार मनात घेऊन येतात. हा फरक मोठा आहे.

ते का येतात, हे उघड आहे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत दंतवैद्याकडे नाव लागणे कित्येक भागांत दुरापास्त झाले आहे. नाव लागले तरी तेथे दातांचे उपचार फुकट नाहीत. सन २०२५-२६ साठी तेथील तिसऱ्या वर्गाच्या कामाचा, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी यांचा आकार ३२६.७० पौंड होता. हाडात बसविण्याचा दात, ज्याला सर्वत्र इम्प्लांट म्हणतात, तो सरकारी सेवेत सहसा मिळतच नाही. खाजगीत जावे लागते. अमेरिकेतील पासष्टीनंतरची जी मूळ सरकारी मेडिकेअर योजना आहे तीही नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च देत नाही. तेव्हा चार-सहा दातांचे काम असेल तर विमानाचे भाडे धरूनही बडोदे स्वस्त पडते, हा पाहुण्यांचा हिशेब पैशापुरता बहुधा खरा ठरतो. चुकतो तो दिवसांचा हिशेब.

साध्या कामांना दिवस थोडे लागतात. कीड काढून सिमेंट भरणे एका बैठकीचे काम आहे. रूट कॅनाल एक ते तीन बैठकींत होते. त्यावरची कॅप मापे घेऊन प्रयोगशाळेतून तयार होऊन येण्यास आणखी आठवडाभर धरावा. पूर्ण कवळीला चार-पाच बैठका लागतात. मात्र त्यासाठी आधी दात काढावयाचे असतील तर हिरड्या भरून त्यांचा आकार स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर आज घट्ट बसलेली कवळी काही महिन्यांत डुगडुगू लागते. तीन आठवड्यांच्या रजेत रूट कॅनाल आणि कॅप निश्चिंतपणे होतात. इम्प्लांट मात्र तीन आठवड्यांत सहसा पुरे होत नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे ते सांगण्याचा मोह आवरत नाही. सन १९५२ मध्ये स्वीडनमधील ब्रोनेमार्क नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहात होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची एक लहान नळकांडी हाडात बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले तो निघेना; हाड धातूला चिकटून एकजीव झाले होते. याच अनुभवावरून त्यांनी सन १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसविले, आणि त्या गृहस्थांनी ते दात चाळीस वर्षांहून अधिक काळ, मरेपर्यंत वापरले. आजच्या इम्प्लांटचे मर्म तेच आहे. स्क्रू बसविणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम. पण हाडाने त्याला धरून ठेवणे हे निसर्गाचे काम, आणि त्याला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात बसवितात, हे खरे. परंतु कायमचा दात हाड धरल्यावरच. मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखूची सवय असेल, अथवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर काम अधिक जोखमीचे होते. ही माहिती डॉक्टरांस आपण होऊन द्यावी. घाईत असलेले पाहुणे नेमकी हीच दडवितात.

तेव्हा इम्प्लांटला दोन फेऱ्या लागतात, आणि त्यांच्यामध्ये सहा महिने जातात. बहुतेक पाहुणे याला अडचण समजतात. माझ्या मते ही त्या सबंध खटाटोपातील सर्वांत मोठी सोय आहे, कारण गाव पाहण्यासाठीही दोन फेऱ्या लागतात. डिसेंबर-जानेवारीचे बडोदे म्हणजे उत्तरायणाचे पतंग, उंधियू, लग्ने आणि गुलाबी थंडी. (नव्या कॅपवर तिळाची चिक्की खाणारे पाहुणे दरवर्षी निघतात, तो भाग वेगळा.) या दिवसांत पाहिलेल्या गावावर लंडनचे घर विकून टाकणे, हे नवरी फक्त हळदीच्या दिवशी पाहून लग्न ठरविण्यासारखे आहे. पहिली फेरी डिसेंबरात केली तर दुसरी जुलै-ऑगस्टात येते. हाडालाही तेच हवे असते आणि डोळ्यांनाही.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. दात बसवून काम संपत नाही. हिरडी सुजली, स्क्रू सैल झाला, कॅपचा तुकडा उडाला, तर पाहावयाचे कोणी? परदेशातील दंतवैद्य दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावण्यास नाखूष असतात, आणि इम्प्लांट कोणत्या कंपनीचा हे ठाऊक नसेल तर त्यांना तो हाताळताही येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि पाने निराळे. येथे येऊन राहावयाचे नक्की असेल तर प्रश्नच मिटला. डॉक्टर घरापासून दहा मिनिटांवर आहेत. नक्की नसेल, तर पहिल्या फेरीत रूट कॅनाल, कॅप, सफाई एवढेच करावे आणि मोठे काम निर्णयानंतर घ्यावे. म्हणजे पुढे कोठे राहणार हे आधी ठरावे लागते आणि दात कोठे बसवावयाचे हे त्यावरून ठरते. पाहुणे नेमके उलट करतात. दात येथे बसवून टाकतात आणि मग आता दातांसाठी यावेच लागते म्हणून घरही घेऊन टाकतात.

डॉक्टरांची निवड करताना जाहिरात पाहू नये. दंतवैद्याची पदवी पाच वर्षांची असून तीत एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी असते. त्यापुढील विशेष पदवी तीन वर्षांची. राज्याच्या दंतपरिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. शहरात मनुभाई पटेल दंत महाविद्यालय आहे आणि वाघोडिया तालुक्यात पिपरिया येथे के. एम. शाह दंत महाविद्यालय. दुसरे मत हवे असेल तर अशा शिक्षणसंस्थेत जावे; वेळ जातो, परंतु तेथे कोणाला आपली विमानाची तारीख गाठावयाची नसते.

आता घराच्या चाचपणीकडे वळू. ज्यांनी परक्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे ते मनाने घरी येत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते परदेशात राहावयास येत असतात. आपल्या संविधानात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. सन २००६ पासून देण्यात येत असलेले ओ.सी.आय. कार्ड आजन्म व्हिसाचे काम करते, पोलिसांकडे नोंद करण्याचा त्रास वाचवते, परंतु मतदानाचा हक्क देत नाही आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेऊ देत नाही. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. सावलीच्या दिशेने शहर वाढते आहे आणि हिवाळ्यातील पाहुण्यांना दाखविण्यासाठी दलालांजवळ ‘फार्म’ आणि ‘वीकएंड’ नावाचे तुकडे नेहमी तयार असतात. जमीन एन.ए. झाली आहे का, सातबारावर काय लिहिले आहे, योजना रेराकडे नोंदली आहे का, हे बयाणा देण्यापूर्वी पाहावे. जोडीदार मूळचा भारतीय नसेल तर लग्न नोंदवून दोन वर्षे झाल्यावर त्यालाही कार्ड मागता येते. कार्ड नसलेल्याने दातांच्या कामासाठी कोणता व्हिसा लागतो ते निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

बडोद्यापुरती आणखी एक गोष्ट, जी हिंदू काय आणि मुसलमान काय, परदेशी पाहुण्यास बहुधा ठाऊक नसते. सन १९९१ च्या ज्या कायद्याला लोक अशांत धारा म्हणतात, त्याखाली शहरातील अनेक भाग अधिसूचित झालेले आहेत आणि अशा भागातील घर विकण्यास कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. त्यात पुढे बदलही झाले आहेत. बालपणीच्याच मोहोल्ल्यात घर घेण्याची हौस धरून आलेल्या माणसाने ही चौकशी वकिलाकडे सर्वांत आधी करावी. परवानगीची वाट पाहण्यात एखादी सबंध फेरी खर्च होऊ शकते. आणि दाढ काढलेल्या दिवशी दलालाशी बोलणी करू नयेत. ठणकणाऱ्या माणसाला सर्व काही लवकर संपवावेसे वाटते.

पैशाच्या बाजूने सर्वांत मोठा धक्का ब्रिटनमधून येणाऱ्यांना बसतो. तेथील सरकारी पेन्शन भारतात मिळते, परंतु तिची दरवर्षीची वाढ येथे राहणाऱ्यास मिळत नाही. रक्कम जेथे असेल तेथेच गोठते. आज ऐसपैस वाटणारे पेन्शन पंधरा वर्षांनी तेवढेच राहील, हे धरून हिशेब करावा. कायमचे स्थलांतर केल्यावर तेथील मोफत सरकारी उपचारांचा हक्कही सुटतो. येथील आरोग्यविम्यात वयाची पूर्वीची ६५ ची मर्यादा सन २०२४ मध्ये उठली, हे बरे झाले. परंतु जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबविण्याची मुभा कंपन्यांना आहे, आणि दवाखान्यातले नेहमीचे दातांचे काम साध्या पॉलिसीत बहुधा धरलेलेच नसते. प्राप्तिकरासाठी एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस येथे भरले की माणूस ‘निवासी’ ठरतो. अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी कडक असू शकते. त्यांनी जाणकारास विचारावे.

दुसऱ्या फेरीत नातेवाइकांकडे उतरू नये, निदान पंधरा दिवस तरी. बहिणीच्या घरी राहून बहिणीचे प्रेम कळते, गाव कळत नाही. भाड्याची दोन खोल्यांची जागा घ्यावी, दूध-भाजी स्वतः आणावी, रिक्षावाल्याशी गुजरातीत घासाघीस करून पाहावी, बँकेत रांग लावावी. दंतवैद्याकडील बैठकांमुळे या दिवसांना आपोआप एक शिस्त येते: एकजण खुर्चीत असेल तेव्हा दुसऱ्याने महानगरपालिकेच्या वॉर्ड कचेरीत जाऊन घरपट्टीची चौकशी करावी.

आणि पाऊस पाहावा. सन २०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी पस्तीस फुटांवर गेले, म्हणजे धोक्याच्या खुणेहून नऊ-दहा फूट वर, आणि आपला समा भागही त्यात सापडला. आजव्याहून सोडलेले पाणी नदीत येते, नदीच्या मगरी वस्तीत शिरतात, वीज बंद होते, आणि सत्तरीच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर दोन-तीन दिवस नळाविना काढावे लागतात. समा सर्वत्र सारखा नाही. शंभर पावलांवर जमिनीची उंची बदलते. आवडलेल्या घराच्या चौकीदाराला आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे, २०२४ साली पाणी कोठपर्यंत होते. ते भिंतीवर हात ठेवून दाखवितात. दलालाने दाखविलेल्या नकाशापेक्षा त्या हातावर अधिक विश्वास ठेवावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून एक पाकीट मागून घ्यावे. त्यात सर्व एक्स-रे, प्रत्येक इम्प्लांटची कंपनी, माप व लॉट नंबर, कॅप कशाची बनविली त्याचा उल्लेख, आणि पावत्या असाव्यात. इम्प्लांटच्या डबीवर ही माहिती छापलेली चिकटपट्टी असते; ती आपल्या कागदावर लावून द्या असे सांगितले की बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. त्याची एक प्रत येथील यजमानांपाशी ठेवावी.