एका टेबलावरचे दोन संगणक

जून उजाडला की वाशीम जिल्ह्यातल्या गावांत एकाच दाराशी दोन प्रकारची गर्दी होते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी दाखला हवा असलेले पालक आधी येतात. त्यांच्या मागोमाग सातबारा आणि खरीप पीक विम्याची कागदपत्रे घेऊन शेतकरी येतात. दारावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असा फलक असतो, पण अनेक ठिकाणी ते दार राहत्या घराचेच असते. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर दोन संगणक, आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर.

दुसरा संगणक इथे हौसेखातर आलेला नाही. अशा केंद्रांच्या मागे असलेल्या केंद्र सरकारच्या कॉमन सर्व्हिस सेंटर योजनेला २००६ साली मंजुरी मिळाली. केंद्र चालवू पाहणाऱ्याने काय काय जुळवावे याची जी यादी आहे, तिच्यात शंभर ते दीडशे चौरस फुटांची खोली, दोन संगणक, दोन प्रिंटर आणि पाच तास पुरेल एवढा बॅटरी बॅकअप किंवा छोटा जनरेटर मागितलेला आहे. त्यातला पाच तासांचा आकडा नीट वाचण्यासारखा आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना गावातली लाईट माहीत होती. सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या या जिल्ह्यात तहसीलची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून गावातले केंद्र बंद पडणे कोणालाच परवडत नाही.

दोन संगणक घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा रॅम आणि हार्ड डिस्कची होते. खरी चर्चा भिंतीतल्या तिसऱ्या वायरीची व्हायला हवी.

संगणकाच्या लोखंडी डब्याला, म्हणजे आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्याला, हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असा अनुभव अनेकांचा आहे. याचे कारण आतल्या पॉवर सप्लायमध्ये असते. तिथले छोटे कपॅसिटर विजेतली खरखर अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत सोडतात. अर्थिंगच नसेल तर ती वाट बंद होते आणि डब्यावर शंभर व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही. पण एक संगणक एका बोर्डावर, दुसरा पलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डावर, आणि दोन्ही एकाच मॉनिटरला केबलने जोडायला गेले, तर दोन डब्यांतला दाबाचा फरक त्या केबलमधून वाहतो आणि पोर्ट जळतो. म्हणून नियम साधा आहे: दोन्ही संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर यांचे अर्थिंग एकच हवे, आणि केबल जोडताना सगळे बंद हवे. नेटवर्कच्या केबलला ही भीती बरीच कमी, कारण तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि विजेचा थेट संबंध तुटलेला राहतो.

वाशीमच्या काळ्या मातीत अर्थिंगचा आणखी एक प्रश्न आहे. ही माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या सळईची मातीवरची पकड सुटते. पावसाळ्यात ठणठणीत असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतावे, हा जुन्या वायरमनांचा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आता बॅटरीचा हिशेब. कार्यालयीन कामाचा साधा डेस्कटॉप साठ ते शंभर वॅट घेतो, मॉनिटर वीस ते तीस. दोन संगणक आणि त्यांचे मॉनिटर मिळून दोनशे ते अडीचशे वॅट धरावेत. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस एवढा भार उचलतो, पण त्यातली बॅटरी लहान असल्याने दहाएक मिनिटांतच दम तोडते. तेवढ्या वेळात फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो, इतकाच त्याचा उपयोग. पाच तास काम चालवायचे तर १५० अँपिअर-तासांची मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर लागतो, आणि त्यावर पंखे-दिव्यांचा भार टाकायचा नसतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असते; ते ‘यूपीएस’ खुणेवर नसेल तर लाईट जाताच संगणक पुन्हा सुरू होतो आणि अर्धा भरलेला अर्ज जातो. लेझर प्रिंटर मात्र बॅकअपवर कधीच लावू नये. शाई कागदावर भाजण्यासाठी त्यात हीटर असतो, आणि तो तापताना दोन्ही संगणकांपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो.

विदर्भातला मे महिना संगणकालाही सोसत नाही. खोलीतच पारा चाळिशीपार गेलेला असताना डब्यातला पंखा तीच गरम हवा आत ओढतो. त्यात दोन डबे एकमेकांना चिकटून ठेवले, तर एकाने बाहेर टाकलेली गरम हवा दुसऱ्याच्या पोटात जाते. दोघांत हातभर अंतर, मागे भिंतीपासून वीतभर जागा आणि जमिनीपासून थोडी उंची, एवढे पुरते. दार असलेल्या लाकडी कप्प्यात कोंडलेला संगणक दिसायला नीटनेटका, पण तापून मंद होतो. कूलरचा झोत थेट अंगावर नको, कारण ती हवा दमट असते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत उडणारा भुसा पंख्यात अडकतो. हंगाम संपल्यावर ब्लोअरने सफाई करून घ्यावी. रिकाम्या फटी झाकून ठेवाव्यात, नाहीतर पाल आत शिरते.

दोन यंत्रे चालवायला दोन मॉनिटर लागतातच असे नाही. एकाच मॉनिटरला दोन वेगळ्या खाचा असतात, बटण दाबून हवा तो संगणक समोर आणता येतो. केव्हीएम स्विच घेतला तर कळफलक आणि माऊसही एकच पुरतात. दोन्ही संगणक राउटरला केबलने जोडले की प्रिंटर एक, स्कॅन केलेल्या फाइलींची जागा एक, आणि एकावरचे काम रोज दुसऱ्यावर उतरवून ठेवता येते. गिगाबिट केबलवरून दहा जीबीची सामग्री दीड-दोन मिनिटांत जाते.

कामाची वाटणी मात्र विचाराने करावी. विंडोज १० चा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक संगणकांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सेकंडहँड बाजारातून आलेली अनेक यंत्रे याच कात्रीत सापडली आहेत. अशा जुन्या संगणकावरून पैशांचे व्यवहार आणि अंगठ्याचे ठसे घेणे थांबवावे. ते काम नव्या यंत्रावर व्हावे. जुन्यावर लिनक्स मिंट टाकले तर टायपिंग, स्कॅनिंग आणि मुलांचा अभ्यास यांसाठी तो आणखी काही वर्षे सहज चालतो. घरातल्या मुलीला शासनमान्य संगणक टायपिंग परीक्षेचा सराव करायचा असेल, तर केंद्राच्या वेळेनंतर स्वतःचा असा संगणक मिळणे ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ग्राहकांची आधार-पॅन कागदपत्रे मात्र त्या संगणकावर पडून राहता कामा नयेत.

वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा, तांब्याच्या वायरीने आलेली इंटरनेटची जोडणीही काढावी. आणि दुसरा संगणक घेण्याचा बेत असेल, तर दुकानात जाण्याआधी उन्हाळ्यातच वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.