खोडून केलेला कायदा

विस्कॉन्सिन राज्याचा 2023 चा अर्थसंकल्प वाचायला घेतला की समासात ठिकठिकाणी एकच शेरा आढळतो: अंशतः नामंजूर. विधिमंडळाने मंजूर केलेला मजकूर तिथे जसाच्या तसा छापलेला असतो आणि गव्हर्नरने त्यातलं काय खोडलं तेही दिसतं. शाळांच्या महसुलाचं कलम मी बोट ठेवून वाचलं. विधिमंडळाने लिहिलं होतं की 2023-24 आणि 2024-25 या दोन शालेय वर्षांत शाळांची महसूल मर्यादा दर विद्यार्थ्यामागे 325 डॉलरने वाढवावी. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी ‘2023-24’ मधला ‘24’ आणि मधले शब्द खोडले, ‘2024-25’ मधला ‘20’ खोडला, त्या आकड्यांमधली छोटी आडवी रेघही खोडली. उरलं ते 2023 ते 2425. दोन वर्षांपुरती दिलेली वाढ चारशे वर्षं दरवर्षी मिळत राहणार, असा कायदा 5 जुलै 2023 रोजी झाला.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आपल्याकडे अर्थसंकल्प मांडणारं सरकार आणि तो मंजूर करणारं बहुमत एकाच बाजूचं. अनुदानाच्या मागण्या, कपात सूचना, चर्चा हे सगळं होतं, विनियोजन विधेयक मंजूर होतं आणि राज्यपालांची सही होते. धन विधेयक ते परतही पाठवू शकत नाहीत. इथे गव्हर्नर लोकांनी वेगळ्या मताने निवडलेला. एव्हर्स डेमोक्रॅट, तर दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं. दोघांनाही लोकांनीच पाठवलंय आणि दोघांनाही तेच सांगायचं असतं.

मी मॅडिसनमध्ये राहते. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर राज्याचं विधानभवन आहे आणि त्याच्या चौथ्या मजल्यावर 412 पूर्व नावाच्या दालनात संयुक्त वित्त समिती बसते. दोन्ही सभागृहांचे आठ-आठ, असे सोळा सदस्य. दोन वर्षांचा अर्थसंकल्प खरा तिथे घडतो. गव्हर्नरच्या प्रस्तावातल्या शेकडो बाबी समिती पहिल्याच मतदानात काढून टाकते आणि मग खात्यामागून खातं घेत आपला मसुदा बांधत जाते. प्रत्येक विषयावर वित्त कार्यालयाची निःपक्ष टिपणं असतात. ती कोणीही वाचू शकतं आणि वाचावीत इतकी चांगली असतात. बैठक मात्र सांगितलेल्या वेळी क्वचितच सुरू होते. बंद दाराआड बहुमताच्या पक्षाचं ठरेपर्यंत मागच्या बाकांवर शिक्षक, रुग्णालयांचे प्रतिनिधी, पत्रकार ताटकळत असतात. अगदी शेवटी येतो तो ‘999’ या नावाने ओळखला जाणारा ठराव. ज्यांची कधी चर्चाच झाली नाही अशी किरकोळ आणि कधीकधी मुळीच किरकोळ नसलेली कलमं त्यात घातलेली असतात. चारशे वर्षांच्या त्या खाडाखोडीवर रागावलेल्यांनी हा ठरावही एकदा वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

खोडण्याचा हा अधिकार 1930 च्या घटनादुरुस्तीतून आला. खर्चाचं विधेयक गव्हर्नर ‘पूर्णतः किंवा अंशतः’ मंजूर करू शकतो, एवढंच तिथे म्हटलंय. ‘अंश’ म्हणजे केवढा, हे पुढच्या गव्हर्नरांनी ताणून पाहिलं. पॅट्रिक ल्यूसी यांनी 1973 मध्ये रस्त्यांसाठीच्या अडीच कोटी डॉलरच्या कर्जातला ‘2’ हा एकच अंक काढून ते पन्नास लाखांवर आणलं. टॉमी थॉम्सन सुटी अक्षरं खोडून उरलेल्या अक्षरांतून नवे शब्द जुळवत. तेव्हा 1990 मध्ये मतदारांनी घटनेत लिहून ठेवलं की अक्षरं खोडून नवा शब्द करता येणार नाही. जिम डॉइल यांनी 2005 मध्ये सातशेहून अधिक शब्द खोडून त्यांतून वीस शब्दांचं एक वाक्य उरवलं आणि रस्त्यांच्या निधीतले 42 कोटींहून अधिक डॉलर दुसरीकडे वळवले. मग 2008 मध्ये वेगवेगळी वाक्यं जोडून नवं वाक्य करण्यालाही बंदी आली. अंकांबद्दल कोणी काही लिहिलं नाही. या गव्हर्नरांत दोन्ही पक्षांचे लोक आहेत. ज्या पक्षाचा गव्हर्नर, त्याला हा अधिकार योग्य वाटतो. दुसऱ्याला तो जुलूम वाटतो.

एव्हर्स स्वतः शिक्षक होते, राज्याचे शिक्षणप्रमुख होते. शाळांच्या मर्यादेत पूर्वी महागाईप्रमाणे आपोआप वाढ होई. ती 2009 नंतर थांबली. वर्ग चालवायचा खर्च मात्र थांबला नाही. त्यांचं दुखणं खरं होतं, हे मी मान्य करते. पण 325 डॉलर हा पैसा नव्हे, ती मर्यादा आहे. राज्याची मदत आणि स्थानिक मालमत्ता कर मिळून शाळेला किती उभारता येईल, त्याची ही कमाल रेषा 1993 पासून आहे. गव्हर्नरने रेषा वर नेली. तिजोरी विधिमंडळाच्या हातात राहिली. विधिमंडळाने 2025 च्या अर्थसंकल्पात शाळांची सर्वसाधारण मदत वाढवलीच नाही. मग शाळांनी ती रक्कम घरमालकांकडून घ्यायची. डिसेंबरात मालमत्ता कराचं बिल येतं आणि त्यात शाळेची ओळ वेगळी छापलेली असते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शेजाऱ्यांना या ओळीचा धसका आहे, आणि मुलीच्या शाळेतल्या शिक्षकांना तीच ओळ कमी पडते. दोघांचंही खरं आहे. खोडून पैसा निर्माण होत नाही. तो द्यायचा कोणी, एवढंच बदलतं.

दोन करदात्यांच्या वतीने हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 18 एप्रिल 2025 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने खाडाखोड वैध ठरवली: अंकांवर बंदी नाही, हवी असेल तर घटना दुरुस्त करा, किंवा विधेयकं निराळ्या पद्धतीने लिहा. निराळ्या पद्धतीने लिहिणं तर विधिमंडळाने आधीच सुरू केलं होतं. वाचनशिक्षणाच्या योजनेचे नियम एका विधेयकात आणि पाच कोटी डॉलर अर्थसंकल्पात वित्त समितीच्या ताब्यात, अशी त्यांनी फाळणी केली. नियमांचं विधेयक खर्चाचं नाही, म्हणून गव्हर्नरला त्यातलं काही खोडता येत नाही, असा निर्णय जून 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने दिला. या ओढाताणीत तो पैसा अडकून पडला. तो होता लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी.

बोलून काम होतं, हेही मग त्याच उन्हाळ्यात दिसलं. 2025 चा अर्थसंकल्प गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहांच्या नेत्यांनी वाटाघाटीने ठरवला. सिनेटमध्ये काही रिपब्लिकन विरोधात गेल्याने डेमोक्रॅट सदस्यांची मतं लागली. तो 19 विरुद्ध 14 ने मंजूर झाला. विशेष शिक्षणाचा राज्याने भरून द्यायचा वाटा साधारण एक तृतीयांशावरून दुसऱ्या वर्षापर्यंत 45 टक्क्यांवर न्यायचं ठरलं. वॉशिंग्टनमधला नवा कायदा होण्याआधी रुग्णालयांसाठीची केंद्राची रक्कम पक्की करायची होती, म्हणून घाई होती. त्या रात्री मी थेट प्रक्षेपण पाहत जागी होते. 3 जुलैच्या पहाटे दीडच्या सुमारास सही झाली. शाळांची सर्वसाधारण मदत त्यात नव्हती, याचं वाईट वाटलं. पण जे मिळालं ते दोघांनी मिळून लिहिलेलं होतं, आणि म्हणून ते टिकेल असा मला भरवसा आहे.

2425 मात्र कायद्यात आहेच. गव्हर्नरची खाडाखोड उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. सप्टेंबर 2023 मध्ये सिनेटने 22 विरुद्ध 11 मतांनी ती उलटवली. कनिष्ठ सभागृहात 66 मतं हवी होती आणि रिपब्लिकनांकडे 64 होती. एव्हर्स पुन्हा उभे राहणार नाहीत. नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीनंतर जो गव्हर्नर येईल, त्याचा पहिला अर्थसंकल्प 2027 मध्ये याच समितीपुढे येईल. समिती गावोगावी सुनावण्या घेते, नागरिकांना मोजकी मिनिटं देते. मी जाणार आहे. शाळांची मर्यादा पूर्वीसारखी महागाईशी जोडा आणि वाढीव रकमेतला राज्याचा वाटा त्याच कलमात लिहा, एवढंच मला सांगायचं आहे.