मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

‘मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब?’ असं मला बरेचजण विचारतात. मी भूगोल शिकवत होतो, म्हणून. पण खरं तर त्यांना किलोमीटर नको असतात. मुलगी तिकडे सुखरूप कधी पोहोचेल, किंवा इकडे आई अत्यवस्थ असताना मुलगा किती वाजता दारात येईल, हे त्यांना हवं असतं.

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारली, तर ती अरबस्तान, आफ्रिका असं करत पश्चिमेला जाते. ही वाट सुमारे चौदा हजार किलोमीटरची भरते. आता पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो मॉस्को, हेलसिंकीच्या जवळून, आइसलँडवरून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कॅनडात उतरतो. ही वाट साडेबारा हजार किलोमीटरची. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उत्तरेकडून वाकडी दिसणारी वाटच जवळची ठरते.

पण विमानाला दोऱ्याची वाट नेहमी मिळतेच असं नाही. आकाशालाही सरहद्दी असतात. २०२२ मध्ये रशियाने युरोपातल्या अनेक देशांच्या आणि अमेरिकेच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावं लागलं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. समोरून सरासरी शंभराचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो आणि साडेबारा हजार किलोमीटरला साडेपंधरा तास लागतात. तोच वारा पाठीशी असला, तर साडेबारा तास. म्हणून जायला वेळ जास्त, यायला कमी. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून’ असं काहीजण म्हणतात, ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरत असते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा.

आता एक हिशेब करू. जानेवारीतल्या सोमवारी मुलगा न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघाला आणि थेट विमानाला चौदा तास लागले. चौदा अधिक साडेदहा म्हणजे साडेचोवीस. तो मंगळवारी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरेल. त्यापुढे पासपोर्ट तपासणी, सामान आणि घर साताऱ्याला असेल तर पाच-सहा तासांचा रस्ता. म्हणजे दारात यायला रात्र. विमान वाटेत कुठे थांबणार असेल, तर तेवढे तास आणखी धरा.

एखाद्या घरी नातेवाईक जमलेले असतात, अंत्यसंस्कार थांबवलेले असतात आणि कुणी तरी म्हणतं, ‘चौदा तासांत येईल, पहाटेपर्यंत पोहोचेलच.’ अशा वेळी कागद-पेन्सिल घ्या. विमानाचे तास, घड्याळातला फरक आणि पुढचा रस्ता या तिन्हींची बेरीज करा आणि जमलेल्यांना तीच वेळ सांगा.